यंत्र लिहील तालिका, ताडून पाहील कोण?

इंटरनेट कसं वापरावं हे शिकवणारं पुस्तक, प्रकाशनवर्ष १९३९, लेखक सिग्मंड फ्रॉइड. गूगल बुक्सवर २००९ साली अशी नोंद खरोखर होती. पुस्तकाचं नाव होतं ‘मोझेइक नॅव्हिगेटर’. मोझेइक हा वेब ब्राउझर १९९३ साली आला आणि फ्रॉइड १९३९ मध्येच वारले. मात्र त्यांचं ‘मोझेस अँड मोनोथिइझम’ हे पुस्तक त्याच वर्षी कॅथरीन जोन्स यांच्या इंग्रजी अनुवादात निघालं होतं आणि ‘मोझेइक’च्या नोंदीत जोन्सबाईंचंही नाव फ्रॉइड यांच्या शेजारी बसलं होतं. शेजारशेजारच्या नावांची दोन पुस्तकं एका नोंदीत कालवली गेली होती.

ही नोंद जगापुढे आणली बर्कलीच्या विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ जेफ्री नुनबर्ग यांनी. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखात अशा चुकांची रांगच होती. विसाव्या शतकातल्या असंख्य पुस्तकांवर १८९९ हे प्रकाशनवर्ष पडलं होतं. ‘मोबी डिक’ची एक आवृत्ती संगणक या विषयाखाली सापडत होती आणि मांजरांविषयीचं एक पुस्तक अभियांत्रिकीखाली. गूगलने चुका मान्य केल्या. १८९९चा घोळ ब्राझीलमधल्या एका पुरवठादाराकडून आलेल्या नोंदींमुळे झाला होता. वर्ष ठाऊक नसलं की तिथे १८९९ भरलं जाई आणि गूगलच्या यंत्रणेने तो आकडा खरा मानून पुढे पाठवला.

कपाटातलं पुस्तक चुकीच्या खणात गेलं तरी ते जगात असतं. झाडलोट करणाऱ्या शिपायाच्या किंवा दुसरंच काही शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाताला ते कधीतरी लागतं. ऑनलाइन पुस्तकाला ही सोय नाही. त्याला पाठ नाही, कपाट नाही, शेजार नाही. वाचक शोधचौकटीत जे शब्द टाकतो, ते नोंदीत असतील तरच पुस्तक समोर येतं. नोंद चुकली की पुस्तक असून नसल्यासारखं. म्हणूनच ई-पुस्तकांच्या युगात तालिकाकाराचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याचं, काम कमी होईल ही अपेक्षा फोल ठरली. ते वाढलं, आणि इतकं वाढलं की जगातली मोठमोठी ग्रंथालयंही त्यात बुडू लागली. त्यातूनच तालिका यंत्राकडून लिहून घेता येईल का, हा प्रश्न पुढे आला.

नोंदीच्या आत

या कामाचा आवाका एका ई-पुस्तकाची पूर्ण नोंद उघडल्याशिवाय कळत नाही. जगभरची ग्रंथालयं अजूनही प्रामुख्याने ‘मार्क’ या पद्धतीत नोंदी ठेवतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६०च्या दशकात हेन्रिएट ॲव्हराम यांच्या नेतृत्वाखाली ती घडली. ॲव्हराम ग्रंथपाल नव्हत्या, संगणकाच्या प्रोग्रामर होत्या. हे ग्रंथालय १९०१ पासून छापील तालिकापत्रं इतर ग्रंथालयांना पुरवत होतं. त्या पत्रावरची माहिती ॲव्हराम यांनी सुटी केली आणि तिच्या प्रत्येक भागाला तीन आकडी क्रमांक दिला. आजच्या नोंदीत २४५ म्हणजे शीर्षक, १०० म्हणजे मुख्य लेखक, २६४ म्हणजे प्रकाशक आणि वर्ष, ६५० म्हणजे विषयशीर्षक, ०८२ म्हणजे ड्यूईचा दशांश वर्गांक. ई-पुस्तक आलं तेव्हा ८५६ मध्ये त्याचा दुवा आणि ७७६ मध्ये छापील आवृत्तीशी असलेलं त्याचं नातं नोंदलं जाऊ लागलं.

यातली ०२० ही एकच चौकट जवळून पाहावी. तिथे आयएसबीएन लिहायचा. हे काम कुठलंही यंत्र चुटकीसरशी करील असं वाटतं. ई-पुस्तकाचं कॉपीराइट पान उघडलं तर त्यावर अनेकदा तीन-चार आयएसबीएन असतात. एक पुठ्ठा बांधणीचा, एक साध्या बांधणीचा, एक पीडीएफचा, एक इपबचा. ई-पुस्तकाचा क्रमांक मुख्य उपचौकटीत जायला हवा. छापील आवृत्तीचा क्रमांकही टाकून द्यायचा नसतो, तो वेगळ्या उपचौकटीत ठेवायचा असतो, म्हणजे छापील पुस्तकाचा क्रमांक घेऊन आलेला वाचकही ई-पुस्तकापर्यंत पोचतो. क्रमांक नीट उतरवला की नाही, हे गणिताने तपासता येतं. तेरा आकड्यांपैकी पहिल्याला एकने, दुसऱ्याला तीनने, पुन्हा एकने, पुन्हा तीनने असं आळीपाळीने गुणायचं. बेरजेला दहाने निःशेष भाग गेला तर क्रमांक बरोबर. पण ‘बरोबर’ असलेला क्रमांक या पुस्तकाचा आहे की शेजारच्या छापील आवृत्तीचा, हे त्या बेरजेला कळत नाही. त्यासाठी पान वाचावं लागतं.

मग प्रकाशकाने फाइलमध्येच भरलेली माहिती का वापरू नये? इपब ही खरं तर अनेक छोट्या फाइलींची एक गुंडाळी असते. तिच्या पोटातल्या एका फाइलीत शीर्षक, निर्माता, भाषा, ओळखक्रमांक यांच्यासाठी जागा असते. ही मांडणी ‘डब्लिन कोअर’ या पंधरा घटकांच्या पद्धतीवर बेतलेली आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ साली झालेल्या बैठकीतून ती निघाली. व्यवस्था चांगली आहे, पण ती भरताना हयगय होते. निर्मात्याच्या जागी अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव असतं, पीडीएफच्या शीर्षकात ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ हे शब्द आणि मूळ फाइलीचं नाव राहून गेलेलं असतं, मालिकेच्या नावालाच पुस्तकाचं शीर्षक मानलेलं असतं. ग्रंथपालाच्या दृष्टीने ही माहिती कच्चा माल आहे.

तेवीस हजार पुस्तकांची परीक्षा

या कामात यंत्राची शिस्तीत परीक्षा घ्यायचं लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ मध्ये ठरवलं. प्रकल्पाचं नाव ‘एक्सप्लोरिंग कम्प्युटेशनल डिस्क्रिप्शन’. ग्रंथालयाचा प्रयोगविभाग आणि तालिका करणारा विभाग त्यात एकत्र आले. पूर्ण आणि तपासलेल्या नोंदी आधीच तयार असलेली सुमारे २३ हजार ई-पुस्तकं निवडली गेली. यंत्राला पुस्तकाचा मजकूर दाखवायचा, त्याच्याकडून शीर्षक, लेखक, क्रमांक, तारीख, विषय आणि साहित्यप्रकार काढून घ्यायचे आणि उत्तरं माणसाने केलेल्या नोंदीशी ताडून पाहायची, अशी ही परीक्षा होती. तिला एकच प्रणाली बसवली नव्हती. जुन्या धाटणीच्या सांख्यिकी पद्धतींपासून आजच्या मोठ्या भाषा-प्रारूपांपर्यंत अनेक प्रकार तपासले गेले.

निकालाने कामाचे सरळ दोन भाग पाडले. पानावर छापलेलं उचलून योग्य चौकटीत ठेवायचं, तिथे यंत्र चांगलं चाललं. शीर्षक, लेखक, ओळखक्रमांक यांत त्याचे गुण वरचे होते. विषय आणि साहित्यप्रकार ठरवताना मात्र ते कितीतरी खाली आले. ग्रंथालयाला तालिकेत हव्या असलेल्या पातळीच्या ते आसपासही नव्हते.

असं का व्हावं? शीर्षक पानावर छापलेलं असतं. विषय छापलेला नसतो, तो पुस्तक समजून घेऊन ठरवावा लागतो. शिवाय समजला तो स्वतःच्या शब्दांत लिहून भागत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकांची यादी १८९८ पासून घडत आली आहे आणि तीत लाखो शीर्षकं आहेत. त्यांपैकी नेमकं कुठलं आणि त्याला कुठली पोटशीर्षकं जोडायची, याचे नियम आहेत. थोडी शीर्षकं हजारो पुस्तकांना लागतात आणि उरलेली बहुतेक अगदी मोजक्या पुस्तकांना. नोंदी पाहून शिकणाऱ्या यंत्राला नेहमीची शीर्षकं पाठ होतात. दुर्मीळ शीर्षकं त्याने पाहिलेलीच नसतात. आणि ग्रंथालयाचं मोल तर अशा दुर्मीळ विषयावरचं पुस्तक हव्या त्या माणसाला मिळवून देण्यातच असतं.

मोठी भाषा-प्रारूपं इथे वेगळ्याच तऱ्हेने चुकतात. ती शीर्षक सुचवतात, ते यादीतल्या शीर्षकासारखंच दिसतं, वाक्यरचना तीच, विरामचिन्हं तीच, पण यादीत ते नसतंच. अनुभवी तालिकाकाराचीही क्षणभर फसगत व्हावी इतकं ते सफाईदार असतं. असं एक शीर्षक तालिकेत शिरलं की ते एकटं पडतं. त्या विषयावरची बाकीची पुस्तकं एकीकडे, हे एक दुसरीकडे. म्हणून यंत्राने सुचवलेला प्रत्येक शब्द अधिकृत यादीशी जुळवून घेणं ही पुढची अनिवार्य पायरी ठरते.

प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात वॉशिंग्टनच्या मंडळींनी तालिकाकारालाच मध्ये बसवलं. पडद्यावर पुस्तक, शेजारी यंत्राने सुचवलेले विषय, आणि स्वीकारायचं, बदलायचं की टाकून द्यायचं हा निर्णय माणसाचा. यंत्राने नोंद करावी की माणसाने, हा वाद तिथे संपला. पुढे प्रश्न उरला तो कुठली चौकट कुणाच्या हाती द्यायची आणि कुठल्या ठिकाणी थांबून तपासायचं, एवढाच.

हेलसिंकीचा मार्ग

फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या वाटेवर आधीच पाऊल टाकलं होतं. तिथले ओस्मा सुओमिनेन आणि त्यांचे सहकारी २०१७ पासून ‘ॲनिफ’ नावाची प्रणाली बांधत आहेत. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावी, वापरावी, बदलावी. तिच्यात एकच हुकमी पद्धत नाही. शब्दांची वारंवारिता मोजणारी एक, यादीतल्या संज्ञा मजकुरात शोधणारी दुसरी, जुन्या नोंदींवरून शिकणारी तिसरी, अशा पद्धती एकत्र चालवून त्यांच्या सूचनांचा मेळ घातला जातो. एका पद्धतीची उणीव दुसरी भरून काढते.

या प्रणालीमागे फिनिश ग्रंथपालांची जुनी मेहनत उभी आहे. ‘वायएसओ’ ही तिथली सामान्य विषयसूची तीस हजारांहून अधिक संकल्पनांची आहे. प्रत्येक संकल्पनेला स्वतंत्र ओळखक्रमांक आहे आणि फिनिश, स्वीडिश, इंग्रजी या तिन्ही भाषांत तिची नावं आहेत. यंत्र क्रमांक सुचवतं, वाचकाला शब्द त्याच्या भाषेत दिसतो. या पायावर २०२० मध्ये ‘फिंतो एआय’ ही सेवा उभी राहिली. युवास्कुला विद्यापीठात प्रबंध ऑनलाइन दाखल करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे यंत्र विषय ठेवतं, विद्यार्थी त्यातले निवडतो आणि ग्रंथपाल त्यावरून नजर फिरवतात.

जर्मनीत हानोव्हरच्या विज्ञान-तंत्रज्ञान ग्रंथालयाने २०२५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा मांडली. इंग्रजी आणि जर्मन नोंदींना मोठ्या भाषा-प्रारूपांच्या मदतीने विषय द्यायचे, ही ती स्पर्धा. ॲनिफच्या संघाने सर्व विषयांच्या गटात मोजमापात पहिला क्रमांक मिळवला. त्यांनी भाषा-प्रारूपाला थेट विषय ठरवायला बसवलं नाही. नोंदींचं भाषांतर करणं आणि सरावासाठी जास्तीच्या नोंदी तयार करणं, ही कामं त्याला दिली. विषय ठरवण्याचं मुख्य काम जुन्या, आवाक्यातल्या पद्धतींनीच केलं. नव्या यंत्राचा मोह पडण्याच्या दिवसांत हा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

फ्रँकफर्टचा वाद

जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाला या मार्गावर कायद्याने ढकललं. देशात निघणारी ऑनलाइन प्रकाशनंही जमा करण्याची जबाबदारी २००६ च्या कायद्याने त्याच्यावर आली. प्रकाशनांचा लोंढा सुरू झाला आणि प्रत्येक फाइल माणसाने वाचून नोंदवणं अशक्य झालं. ऑनलाइन प्रकाशनांचे ढोबळ विषयगट २०१२ पासून यंत्र ठरवू लागलं. २०१४ पासून ते अधिकृत यादीतले विषयशब्दही देऊ लागलं. जी पुस्तकं कुणी हाताने नोंदवणारच नव्हतं त्यांना निदान काही विषय मिळाले, म्हणून फारशी कुरबुर झाली नाही.

ग्रंथालयाने २०१७ मध्ये हीच पद्धत काही छापील प्रकाशनांनाही लावायचं ठरवलं तेव्हा वाद पेटला. म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाचे महासंचालक क्लाउस त्सायनोव्हा यांनी फ्रँकफर्टच्या मोठ्या दैनिकात या निर्णयावर उघड टीका केली. पुस्तक आधी माणसाने वाचावं की यंत्राने, हा त्यांचा प्रश्न होता. त्यामागची काळजी रास्त होती. राष्ट्रीय ग्रंथालयाची नोंद देशभरातली ग्रंथालयं जशीच्या तशी उचलतात. तिथे एक विषय चुकला तर ती चूक शेकडो तालिकांत उमटते.

राष्ट्रीय ग्रंथालय मागे फिरलं नाही, पण त्याने यंत्रणा नव्याने बांधली. २०२२ पासून तिथे चालणारी विषय-प्रणाली ॲनिफच्याच पायावर उभी आहे. मार्क पद्धतीतली ८८३ ही चौकट अशा नोंदींसाठी फार मोलाची आहे. एखादा विषय यंत्राने दिला असेल तर कुठल्या प्रक्रियेने दिला, कधी दिला आणि यंत्राला त्याची किती खात्री वाटली, हे त्या चौकटीत लिहिता येतं. पुढे चांगली प्रणाली आली की जुन्या यंत्राने दिलेले विषय नेमके शोधून बदलता येतात आणि माणसाने दिलेल्या विषयांना धक्का लागत नाही. नोंद कुणी केली हे नोंदीतच लिहून ठेवण्याची ही शिस्त गूगलला पाळता आली असती, तर १८९९च्या पुस्तकांचा ढीग एका दिवसात वेगळा काढता आला असता.

शके १८२९

मराठी पुस्तकापुढे हे यंत्र ठेवलं तर काय होईल? मराठी पुस्तकाच्या पानावर यंत्राला अडवणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्या नेमकेपणाने सांगता येतात.

पहिली अडचण वर्षाची. जुन्या मराठी पुस्तकांवर प्रकाशनवर्ष अनेकदा शकात असतं. मुखपृष्ठावर ‘शके १८२९’ असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवायचे, म्हणजे १९०७. पुस्तक पौषाच्या अखेरीस, माघात किंवा फाल्गुनात निघालं असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे १९०८. ‘शके’ हा शब्द यंत्राच्या नजरेतून सुटला की नोंदीत १८२९ पडणार. आणि ही चूक सहज पकडली जाणार नाही, कारण १८२९ मध्ये मराठी पुस्तकं छापली जात होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३१ मध्ये निघाला. विसाव्या शतकातलं पुस्तक सबंध ७८ वर्षं मागे जाऊन मराठी मुद्रणाच्या पहिल्या पिढीत बसेल आणि तिथे ते शोभूनही दिसेल.

दुसरी अडचण अक्षराची. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, मराठी पुस्तकांची जुळणी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये होत आली. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण त्यातला मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच हाती येतो. यंत्र वाचतं ते त्या खचाला. अशा पीडीएफचं पान चित्र समजून पुन्हा अक्षरओळख करून घ्यावी लागते. त्यात जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं, पुसट अनुस्वार, तुटलेल्या वेलांट्या आल्या की शीर्षकच बदलतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं पीडीएफ वाचकांपर्यंत पोचवतं आहे. हा ठेवा मोठा आहे. त्याची मराठी अक्षरांतली, नियमाने केलेली, एकत्र तालिका हा त्याचा पुढचा हक्क आहे.

तिसरी अडचण नावांची, आणि मराठीत ती सर्वांत अवघड आहे. गडकरी नाटककार म्हणून राम गणेश गडकरी, कवी म्हणून गोविंदाग्रज, विनोदी लेखक म्हणून बाळकराम. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आलं. त्या मालतीबाई बेडेकर, आणि माहेरच्या बाळूताई खरे. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच, माणिक गोडघाटे आणि ग्रेस एकच. मराठी वाचकाला हे शाळेपासून माहीत असतं. यंत्राला ते कुणीतरी लिहून दिल्याशिवाय कळत नाही. त्यात कुणी वि. स. खांडेकर लिहितो, कुणी विष्णु सखाराम. मुखपृष्ठावर ‘कै.’, ‘प्रा.’, ‘रा. रा.’, ‘ह. भ. प.’ अशा उपाध्या असतात आणि त्या नावाचाच भाग समजल्या जाऊ शकतात. ग्रंथपालांच्या जगात यावर जुना उपाय आहे. प्रत्येक लेखकाचं एक प्रमाण नाव ठरवायचं, बाकीची सगळी नावं त्याच्याशी बांधायची आणि त्या सगळ्यांना मिळून एक क्रमांक द्यायचा. शोधणाऱ्याने कुठलंही नाव टाकलं तरी तो त्या लेखकाच्या सगळ्या पुस्तकांपर्यंत पोचतो.

चौथी अडचण विषयाची. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली. सदाशिवरावभाऊ, अब्दाली, नजीबखान, तोफखाना, रसद, १७६१. सबंध मजकूर वाचूनही यंत्राचा कल इतिहासाकडे, म्हणजे ९५४ या वर्गाकडे जाणं साहजिक आहे. पण ती कादंबरी आहे आणि तिची जागा ८९१.४६३, मराठी कथासाहित्यात. ‘मृत्युंजय’ हे नाव शिवाचं, पुस्तक कर्णाचं. नुसतं शीर्षक वाचून विषय द्यायचा तर ‘बटाट्याची चाळ’ शेतीत जाईल.

या साऱ्या अडचणींचा अनुभव एकदा येऊन गेला आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून उभा राहिला आणि त्यातली लाखो पुस्तकं पुढे इंटरनेट आर्काइव्हवर गेली. त्यांत मराठी पुस्तकं भरपूर आहेत, दुर्मीळही आहेत. पण त्यांची शीर्षकं हाताला येईल तशा रोमन अक्षरांत लिहिली गेली, लेखकाची जागा कितीदा रिकामी राहिली, वर्षं चुकली. जाणकार अभ्यासक एकाच शीर्षकाची चार-पाच रोमन रूपं टाकून पाहतात आणि त्यातलं एखादं लागतं. बाकीच्यांपुरती ती पुस्तकं हरवलेलीच आहेत.

रोमन नोंदीचा प्रश्न नीट केलेल्या तालिकांतही आहे. कोलकात्याहून १९५८ पासून निघणारी भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची भारतीय भाषांतली शीर्षकं रोमनमध्ये छापत आली. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ मध्ये सुरू झालं. अमेरिकेच्या पीएल ४८० या कायद्याखालच्या धान्याच्या करारांतून जमलेल्या रुपयांत इथली पुस्तकं खरेदी होऊन शिकागोसारख्या विद्यापीठांत गेली. परदेशात आज मराठीचे जे मोठे ग्रंथसंग्रह आहेत त्यांचं मूळ तिथे आहे आणि त्यांच्या नोंदी काटेकोर आहेत. पण त्या रोमनच्या शास्त्रीय पद्धतीत आहेत. तिच्यात भालचंद्र नेमाडे यांच्या नावातल्या ‘ल’ नंतरचा ‘अ’ लिहिला जातो आणि ‘च’साठी एकटं ‘सी’ येतं. न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुलगी ‘भालचंद्र’ टाइप करताना ‘सीएच’ लिहिते आणि मधला ‘अ’ सोडते. यंत्र सध्या तातडीने करू शकेल असं एक उपयोगी काम इथे आहे. या नियमबद्ध रोमन नोंदी पुन्हा देवनागरीत आणायच्या. मार्कमध्ये मूळ लिपीसाठी ८८० ही चौकट आहेच. नियम ठरलेले आहेत, त्यामुळे चुका कमी होतील आणि झालेल्या चुका मराठी वाचणाऱ्याला एका नजरेत दिसतील.

दात्यांची सूची आणि पुढचं काम

मराठीकडे पाया नाही असं मात्र नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार ग्रंथसूची सिद्ध केली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंडही त्यांनीच पुरा केला. गावोगावच्या ग्रंथालयांतून, खाजगी संग्रहांतून पुस्तकं पाहून एका माणसाने दीडशे वर्षांच्या ग्रंथव्यवहाराच्या नोंदी जमवल्या. आज यंत्र शिकवायला जी सामग्री लागते, म्हणजे जाणत्या माणसाने केलेल्या, पडताळलेल्या, विषयांत लावलेल्या नोंदी, ती दाते यांनी ग्रंथालयांत संगणक येण्यापूर्वीच तयार करून ठेवली आहे. फिनलंडचं यंत्र चालतं ते तिथल्या ग्रंथपालांच्या अशाच नोंदींवर.

या सूचीतली प्रत्येक नोंद सुट्या चौकटींत पाडून यंत्राला वाचता येईल अशी करणं, हे पहिलं काम. शकातली वर्षं इसवी सनात आणताना मूळ शकही जपायचा. दुसरं काम लेखकनामांच्या यादीचं. प्रमाण नाव, टोपणनावं, माहेरची-सासरची नावं, आद्याक्षरं, जन्म-मृत्यूची वर्षं आणि एक कायमचा क्रमांक. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्याही पाच वर्षं आधीचं. राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं अनुदान घेतात. त्यांच्या दाखल नोंदवह्यांत आणि त्यांच्या ग्रंथपालांच्या डोक्यात ही नावं आहेत. ज्या गावचा लेखक, त्या गावच्या वाचनालयाइतकं त्याच्याविषयी दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. तिसरं काम विषयांच्या मराठी यादीचं. ओवी, पोवाडा, बखर, दलित आत्मकथन, संगीत नाटक, ग्रामीण कथा हे विषय इंग्रजी यादीतून उतरवून मिळणार नाहीत, ते इथेच नेमके करावे लागतील.

हे झाल्यावर यंत्राची परीक्षा घ्यायची. वेगवेगळ्या काळांतली, वेगवेगळ्या प्रकारची काही मराठी ई-पुस्तकं निवडावीत. त्यांत श्रीलिपीतली असावीत, स्कॅन केलेली असावीत, शकाचं वर्ष असलेली आणि टोपणनावाची असावीत. दोन अनुभवी ग्रंथपालांनी त्यांच्या नोंदी स्वतंत्रपणे कराव्यात आणि मतभेद बसून मिटवावेत. मग यंत्राची उत्तरं चौकटीगणिक त्यांच्याशी ताडावीत आणि निकाल खुला करावा. शीर्षकात यंत्र किती चांगलं, वर्षात किती, नावात किती, विषयात किती, हे कळलं की कुठली चौकट थेट स्वीकारायची आणि कुठली ग्रंथपालापुढे ठेवायची, हे प्रत्येक ग्रंथालयाला ठरवता येईल. यंत्राने भरलेल्या प्रत्येक विषयावर ८८३ची खूण पहिल्या दिवसापासून हवी.

विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांत दरवर्षी विद्यार्थी तालिकीकरणाचा सराव म्हणून नोंदी करतात आणि परीक्षा झाली की त्या वह्या रद्दीत जातात. त्याच सरावासाठी दाते सूचीतली एकेक पानं वाटून दिली, शिक्षकांनी ती तपासली आणि तयार नोंदी सर्वांना खुल्या ठेवल्या, तर पहिलं काम येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरू होऊ शकतं. ॲनिफ हेलसिंकीहून उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. त्याला मराठी शिकवायला लागणाऱ्या नोंदी मात्र पुण्यात, मुंबईत, नागपुरात आणि पणजीतच तयार होतील.